फिर्याद कोठे करावी?

खासबाग हे नाव उच्चारले की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढे लाल मातीचे कुस्तीचे मैदान उभे राहते, आणि बेळगावकराच्या डोळ्यांपुढे शहापूर-वडगावला लागून असलेली विणकरांची वस्ती. कोल्हापूरचे मैदान शाहू छत्रपतींनी १९१२ साली बांधून घेतले. त्याच राजाने पुढे सात वर्षांनी एक कायदा केला. मैदानाची ख्याती देशभर झाली. कायद्याची आठवण मात्र फारच थोड्यांना राहिली. कुटुंबातील स्त्रीला क्रूरपणाने वागविणे हा त्या कायद्याने स्वतंत्र गुन्हा ठरविला होता. या दोन खासबागांमध्ये सुमारे एकशे दहा किलोमीटरांचे अंतर आहे, आणि वाटेवर निपाणी आहे. घरात मार खाणाऱ्या, अब्रूवर घाला पडलेल्या स्त्रीने आपली फिर्याद कोठे न्यावी, हा प्रश्न या एवढ्याशा वाटेवर शंभर वर्षे कसा घोटाळत राहिला आणि त्याचे उत्तर कसकसे मिळत गेले, त्याचा इतिहास मी आज आपणांपुढे मांडणार आहे.

स्वातंत्र्यापूर्वी या मुलखाची वाटणी मोठी विलक्षण होती. बेळगाव शहर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. त्याला चिकटून असलेले शहापूर मात्र सांगली संस्थानात. निपाणी इंग्रजी अमलाखालील चिकोडी तालुक्यात, तर वेदगंगा-दूधगंगेच्या काठची कितीतरी गावे करवीर राज्यात. सोयरिकी या हद्दी पाळीत नव्हत्या. कागलची लेक निपाणीला, निपाणीची गडहिंग्लजला, शहापूरची बेळगावात नांदत असे. माप ओलांडून सासरी गेलेली मुलगी पुष्कळदा त्याच पावली एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. तिला लागू होणारा कायदाही त्या पावलाबरोबर बदलत असे, याची जाणीव मात्र तिला करून देणारे कोणी नव्हते.

अर्थात तेव्हाच्या सर्वसाधारण स्त्रीचा कायद्याशी संबंधच कोठे येत होता? तिचे न्यायालय म्हणजे तिचे माहेर. बापभाऊ जिवंत आणि धडधाकट असले, तर ते चार माणसे घेऊन सासरी जात, बोलाचाली करीत आणि बहुधा मुलीला समजूत घालून पुन्हा तेथेच ठेवून येत. ज्या जातींत काडीमोडीची वहिवाट होती, तेथे पंचांपुढे गाऱ्हाणे मांडून सुटका करून घेण्याची वाट तरी होती. ज्या जातींत ती वहिवाट नव्हती, तेथे तीही नव्हती. पंच सारे पुरुष, आणि पंचांचा कल घर मोडू नये याकडे. घर टिकविण्याच्या या काळजीत त्या घरातील एका माणसाचे काय होते, हे विचारण्याची रीत नव्हती.

इंग्रजांनी १८६० साली दंडसंहिता केली. तिच्यात दुखापत करणे हा गुन्हा होता आणि नवऱ्याने केलेली दुखापत त्यातून वगळलेली नव्हती. तथापि बंद दाराआड, साक्षीदारावाचून झालेल्या मारहाणीची फिर्याद घेऊन, ज्याच्या घरी परत जायचे त्याच्याचविरुद्ध कचेरीची पायरी चढणे किती जणींना शक्य होते? बलात्काराच्या कलमात तर नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सूट दिलेली होती. पत्नीचे वय दहा वर्षांच्या आत असेल तरच तो गुन्हा. टाकलेल्या बायकोला फौजदारी कायद्याचा एकच आधार होता, तो पोटगीचा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४८८ व्या कलमाखाली मॅजिस्ट्रेट नवऱ्याला दरमहा रक्कम देण्याचा हुकूम करू शके. हे कलम कोणत्याही धर्माच्या स्त्रीला लागू होते, आणि निपाणी-बेळगावकडच्या निराधार बायकांना कचेरीत जे काही मिळण्याजोगे होते, त्यात तेच त्यातल्या त्यात हाती येणारे होते.

स्त्रीच्या फिर्यादीला कायदा किती परका होता, हे मुंबईच्या एका खटल्याने साऱ्या देशाला दाखवून दिले. रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झाले. सासरी नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला, तेव्हा पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली दावा फेटाळला. ज्या बाईने समजत्या वयात संमती दिलेली नाही, तिला बळाने नवऱ्याच्या घरी धाडणे त्यांना न्यायाचे वाटले नाही. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत-राजकोटला त्यांनी दीर्घकाळ सेवा केली आणि १९५५ साली त्यांचे निधन झाले. नांदावयास न जाणाऱ्या स्त्रीला कैदेची भीती घालण्याची तरतूद मात्र दिवाणी प्रक्रियेतून १९२३ साली निघाली. म्हणजे या खटल्यानंतर आणखी पस्तीस वर्षे ती कायम होती.

रखमाबाईंचे प्रकरण ताजे असतानाच कलकत्त्यातील एका बालवधूचा नवऱ्याच्या अत्याचाराने झालेला मृत्यू उजेडात आला. त्या दोन्ही धक्क्यांतून संमतिवयाचा कायदा निघाला. १८९१ साली वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. महाराष्ट्रात त्या वेळी उठलेले वादळ सर्वांना ठाऊक आहे. रानडे, भांडारकर, तेलंग यांनी कायद्याचा पुरस्कार केला. टिळकांनी परकीय सरकारने आमच्या घरात हात घालू नये, असे म्हणून विरोध केला. या वादात दोन्ही बाजूंनी शास्त्रार्थ भरपूर झाला. ज्यांच्या देहाविषयी हा शास्त्रार्थ चालला होता, त्या मुलींची साक्ष मात्र कोणी काढली नाही. 'आमचे घर' हा शब्द जेव्हा जेव्हा अशा वादात येतो, तेव्हा त्या घरात कोणाचे कोण धरले आहे, हे विचारावे लागते; आणि हा धडा १८९१ सालापुरताच नव्हता.

कायदा असा अडखळत असताना काही थोड्या माणसांनी आश्रयाची दारे उघडली. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसविल्या गेलेल्या, जबरदस्तीला बळी पडलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवावे किंवा न्यावे, असे त्यांनी जाहीर केले. तेथे जन्मलेल्या एका मुलाला त्यांनी स्वतः दत्तक घेतले; तेच डॉक्टर यशवंतराव. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, ते पुढे पुण्यास आणि मग त्यांचे कार्य केडगावला गेले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापला. या संस्थांचे ऋण शब्दांत मावणारे नाही. परंतु आश्रय आणि हक्क यांत एक अंतर आहे, ते ध्यानात घेतले पाहिजे. आश्रयाला गेलेल्या स्त्रीने घर सोडलेले असते. छळ करणारा त्या घरात सुखाने राहतो. त्याला कोणी जाब विचारीत नाही. दयेने तिचा जीव वाचतो, पण तिच्यावर अन्याय झाला हे कोणी मान्य केलेले नसते. ते मान्य करणे हे राज्याचे काम होते.

हे काम कोल्हापूरने केले. १९१७ ते १९२० ही करवीर राज्यातील सामाजिक कायद्यांची वर्षे होत. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले, त्याच वर्षी विधवाविवाहाला कायद्याचा आधार मिळाला. १९१९ साली आंतरजातीय विवाहाचा आणि काडीमोडीचा कायदा झाला, आणि त्याच साली स्त्रियांना क्रूरपणाने वागविण्याचे बंद करण्याविषयीचा कायदा झाला. पुढच्या वर्षी जोगतिणींच्या वारसाहक्काकडे शाहू महाराजांनी लक्ष वळविले. हे कायदे एकमेकांपासून सुटे पाहिले तर त्यांचे मर्म कळत नाही. ते एकत्र वाचावेत. शिकलेली मुलगी, पुन्हा लग्न करू शकणारी विधवा, असह्य नांदणूक मोडू शकणारी पत्नी, आणि मारहाण झाली तर सरकारात जाऊ शकणारी सून, अशी ही साखळी आहे. तिची एक कडी गळाली तरी बाकीच्या ढिल्या पडतात. पळून जाण्यास वाट नसेल तर शिक्षेचा कायदा व्यर्थ. आणि शिक्षेचे भय नसेल तर काडीमोडीची मागणी करणाऱ्या बाईला त्याच रात्री मार बसणार. हा व्यवहार शाहू महाराजांनी ओळखला होता.

त्या कायद्याने आणखी एक गोष्ट साधली. दुखापतीच्या सामान्य कलमाखाली एखादी मारहाण सिद्ध करावी लागे, जखम दाखवावी लागे. क्रूर वागणूक हा शब्द त्याहून व्यापक आहे. रोजची उपासमार, घालूनपाडून बोलणे, कोंडून ठेवणे यांची जखम दिसत नाही; आयुष्य मात्र त्याने संपते. एका लहानशा संस्थानाने हा शब्द कायद्याच्या मथळ्यावर आणला, तेव्हा सबंध इंग्रजी मुलखात त्या तोडीचा कायदा नव्हता.

पण तो लागू होता कोल्हापूरच्या हद्दीपुरताच. निपाणीला दिलेल्या कागलच्या लेकीला त्याचा उपयोग नव्हता, कारण तिचा छळ इंग्रजी हद्दीत होत होता. बेळगावच्या खासबागेतील बाईला तर असा काही कायदा आहे, हे कळण्याचेही कारण नव्हते. १९२२ साली शाहू महाराज वारले. १९४८ च्या मार्चमध्ये सांगली आणि १९४९ च्या मार्चमध्ये कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले. शहापूर आणि बेळगाव यांच्यामधली राज्यांची हद्द पुसली गेली, आणि सर्वत्र मुंबईचे कायदे आले. त्यांत चांगले कायदे होते. १९४६ चा मुंबईचा द्विभार्या प्रतिबंधक कायदा होता, १९४७ चा हिंदू घटस्फोटाचा कायदा होता. देवाला मुली सोडण्यास बंदी करणारा १९३४ चा मुंबईचा देवदासी संरक्षक कायदा होता. पण घरातील क्रौर्याला स्वतंत्र गुन्हा मानणारे कलम त्यांत नव्हते. करवीर राज्याने १९१९ साली जे पाऊल टाकले होते, ते पुन्हा टाकण्यास स्वतंत्र भारताला १९८३ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात विवाहाचे कायदे हळूहळू सुधारत होते. १९३९ च्या कायद्याने मुसलमान स्त्रीला क्रूर वागणुकीच्या कारणावरून विवाह रद्द करून घेण्याचा हक्क दिला. देहाला इजा न करता जगणे असह्य करणे, हेही त्यात क्रौर्य मानले होते. हिंदू पत्नीला १९४६ साली क्रौर्याच्या कारणावरून वेगळे राहून पोटगी मागण्याचा अधिकार मिळाला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रौर्य हे न्यायिक विभक्ततेचे कारण होते. घटस्फोटाचे कारण ते १९७६ च्या दुरुस्तीने झाले. याचा अर्थ असा, की विजापूर-बेळगावकडच्या एखाद्या मुसलमान विणकराच्या पत्नीला जो हक्क १९३९ साली मिळाला, तो तिच्या हिंदू शेजारणीला मिळण्यास सदतीस वर्षे लागली. कोणता धर्म पुढारलेला आणि कोणता मागासलेला, अशा गप्पा मारणाऱ्यांनी हा हिशेब एकदा पाहावा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. त्यातील चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. सीमेचा हा प्रश्न आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचा आहे, आणि त्याची चर्चा आज येथे करावयाची नाही. पण एक गोष्ट सांगितली पाहिजे. संस्थानी हद्दी पुसल्या गेल्यावर सात-आठ वर्षांत या मुलखातून दुसरी हद्द गेली. चंदगडची मुलगी बेळगावात आणि निपाणीची कागलात नांदत राहिली. नवऱ्याचे घर एका राज्यात, माहेर दुसऱ्यात. पोलीस ठाणी वेगळी, उच्च न्यायालये वेगळी, कागदांची भाषा वेगळी. मारहाण होऊन माहेरी आलेल्या बाईला, 'गुन्हा पलीकडे घडला, पलीकडे जा', असे सांगणे ठाण्यावरील अंमलदाराला सोपे झाले. पलीकडे म्हणजे ज्याच्या भयाने ती पळाली त्याच्याच गावात.

बलात्काराच्या कायद्याला जाग आणणारी घटनाही मराठी मुलखातच घडली. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला, असा आरोप होता. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, म्हणून तिची संमती होती, असा त्या निकालाचा रोख होता. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले. शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, एवढा साधा मुद्दा त्यांनी मांडला. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा झाला. अशा खटल्यात आपली संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. आणि पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे दंडनीय झाले. त्या मुलीचे नाव कायद्याच्या पुस्तकांत अजून छापले जाते. तिच्यामुळेच आलेल्या नियमाचा मान राखून ते येथे घेतलेले नाही.

त्याच १९८३ च्या अखेरीस दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आले. पती किंवा त्याच्या नातेवाइकांनी विवाहितेला क्रूरपणे वागविणे हा गुन्हा झाला. त्यास तीन वर्षांपर्यंत कैद. देहाबरोबर मनाला होणारी इजाही त्यात आली. पुढच्याच वर्षी, १९८४ साली, मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष उघडला. पोलीस कचेरीत प्रशिक्षित समाजसेविका बसेल आणि आलेल्या बाईचे आधी ऐकून घेईल, ही कल्पना साधी होती. पण कलम कागदावरून ठाण्यात उतरते ते अशाच साध्या व्यवस्थेतून.

आपल्या सीमाभागातील स्त्रियाही या काळात स्वस्थ नव्हत्या. निपाणीच्या तंबाखू कारखान्यांत राबणाऱ्या हजारो बायका १९८० च्या सुमारास संघटित झाल्या. मजुरी, कामाचे तास आणि कारखान्यातील वागणूक यांविरुद्ध त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रीवादी चित्रपट-समूहाने १९८२ साली माहितीपट काढला. कामाच्या जागी स्त्रीची अप्रतिष्ठा हा कायद्याचा विषय आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने विशाखा निकालात म्हटले ते १९९७ साली, आणि त्याचा कायदा झाला २०१३ साली. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्यातील आणि घरकाम करणाऱ्या बाईने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करावी, अशी त्यात सोय आहे. निपाणीच्या बायकांनी एकजूट बांधली, तेव्हा यांतले काहीही नव्हते.

दुसरा लढा सौंदत्तीच्या यल्लम्माच्या नावाने मुली सोडण्याच्या प्रथेशी होता. १९३४ चा कायदा असूनही ही प्रथा बेळगाव जिल्ह्यात चालूच राहिली, कारण अज्ञान मुलीच्या वतीने फिर्याद करणार कोण? तिला सोडणारे तिचे आईबापच असत. कर्नाटकाने १९८२ साली नवा कायदा केला आणि आईबापांना किंवा पालकांना अधिक कडक शिक्षा ठेवली. पण प्रथेला खरा आळा घालण्याच्या कामी पुढे आल्या त्या स्वतः देवदासी राहिलेल्या स्त्रिया. घटप्रभेची महिला अभिवृद्धी मत्तू संरक्षण संस्था ही त्यांची संघटना. तिच्या सितव्वा जोडट्टी, ज्यांना स्वतःला बालपणी देवाला सोडलेले होते, त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. कायद्याला जी फिर्यादी सापडत नव्हती, ती या स्त्रियांनी स्वतःतून उभी केली.

श्रोतेहो, आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. शिक्षेपेक्षा संरक्षणाकडे त्याचे लक्ष आहे. मारहाण, लैंगिक छळ, शिवीगाळ, पैसा अडविणे हे सारे त्यात हिंसा मानले आहे. पत्नीप्रमाणेच आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय यांनाही तो लागू आहे. घर कोणाच्या नावावर आहे हे न पाहता त्या घरात राहण्याचा हक्क तो स्त्रीला देतो. रमाबाईंच्या काळी स्त्रीला घर सोडावे लागे. आज मॅजिस्ट्रेट छळ करणाऱ्या पुरुषाला घराबाहेर राहण्याचा हुकूम करू शकतो. तो हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे. अर्ज करण्यास मदत करण्यासाठी जिल्ह्यात संरक्षण अधिकारी नेमलेले असतात.

सीमाभागाच्या दृष्टीने या कायद्याचे सत्ताविसावे कलम पाहण्यासारखे आहे. स्त्री जेथे कायमची किंवा तात्पुरती राहत असेल, तेथील मॅजिस्ट्रेटपुढे ती जाऊ शकते, आणि त्याचा हुकूम सबंध भारतात अमलात येतो. कागलच्या माहेरी बसून निपाणीच्या सासरविरुद्ध, किंवा खासबागेतील बहिणीच्या घरून चंदगडच्या नवऱ्याविरुद्ध दाद मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ४९८-अ कलमाबाबतही हेच म्हटले: छळाचे दुःख माहेरी आलेल्या स्त्रीबरोबर माहेरी येते, म्हणून तेथेही फिर्याद दाखल होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या आहेत; ४९८-अ ची जागा आता ८५ व्या आणि ८६ व्या कलमांनी घेतली आहे. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याने तो नोंदवून घेतला पाहिजे, असे नव्या प्रक्रिया संहितेच्या १७३ व्या कलमात स्पष्ट सांगितले आहे. लैंगिक अत्याचाराची फिर्याद न नोंदविणारा अंमलदार स्वतः शिक्षेस पात्र आहे. 'पलीकडे जा' हे उत्तर आता बेकायदा आहे.

ज्या घरी हे ऐकले जात असेल, तेथे आणखी चार गोष्टी लक्षात असू द्याव्यात. अत्याचार झालेल्या स्त्रीवर पहिले उपचार विनामूल्य करणे प्रत्येक रुग्णालयाला, मग ते सरकारी असो वा खाजगी, बंधनकारक आहे. आधी पोलिसांत जाऊन या, असे तिला सांगता येत नाही. बलात्काराची हकीकत शक्यतो तिच्या घरी, महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यावयाची असते. वकील सरकारी खर्चाने मिळण्याचा हक्क प्रत्येक स्त्रीला आहे, तिचे उत्पन्न काहीही असो. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी १५१०० हा आहे. स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत.

सारे मिळाले आहे, असे मात्र नव्हे. पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर पतीचा बलात्कार हा बलात्कार नव्हे, हा १८६० सालचा अपवाद २०२३ च्या संहितेतही कायम आहे. तेथे स्त्रीला फार तर क्रौर्याचे कलम आणि २००५ चा कायदा यांचा आधार घेता येतो. दंडसंहितेचे नाव बदलले, भाषा बदलली, पण रखमाबाईंनी विचारलेला प्रश्न अजून अर्धाच सुटलेला आहे.

आणि एक हद्द अशी आहे की ती कोणत्याही कलमाने पुसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये बेळगाव तालुक्यातील एका खेड्यात, मुलगा गावातील मुलीला घेऊन निघून गेला म्हणून त्याच्या आईला मध्यरात्री घराबाहेर ओढण्यात आले, विवस्त्र करण्यात आले, खांबाला बांधून मारण्यात आले. कर्नाटक उच्च न्यायालयाने वार्ता वाचून आपण होऊन दखल घेतली. त्या वेळी मुख्य न्यायमूर्ती होते प्रसन्न वराळे. त्यांचा जन्म निपाणीचा. आरोपींविषयी न्यायालयाने जे विचारावयाचे ते विचारलेच. पण ते तेवढ्यावर थांबले नाही. हे घडत असता पाहणारे गाव काय करीत होते, असा त्याने सवाल केला.

हा सवाल आपल्या गल्लीलाही लागू आहे. विणकरांच्या वस्तीत घरे भिंतीला भिंत लावून असतात. शेजारच्या घरातला मार ऐकू येत नाही, असे कोणी म्हणू नये. आपण तो ऐकतो आणि 'त्यांच्या घरातली गोष्ट' म्हणून दार लोटून घेतो. शेजाऱ्यालाही संरक्षण अधिकाऱ्याला कळविता येते, आणि सद्भावनेने कळविणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही, असे २००५ च्या कायद्याचे चौथे कलम सांगते. करवीरच्या राजाने १९१९ साली ही घरातली गोष्ट राज्याची केली. तिला आपल्या शेजाराची गोष्ट करणे मात्र कोणत्याही राजाच्या किंवा विधिमंडळाच्या हातचे नाही. फिर्याद कोठे करावी, याचे कायद्याने दिलेले उत्तर आज सरळ आहे: ती बाई जेथे उभी असेल तेथे. ती आपल्या दारात उभी राहिली, तर दार उघडावे.